तीन रकाने आणि एक वार

मूल बाहेर आल्यावर काही वेळानं जी पडते ती वार. गाईम्हशीची असली तर तिला जार म्हणायचं, बाईची असली तर वार. हे दोन्ही शब्द आता शहरी मराठीत क्वचित ऐकू येतात. बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि वार पिवळ्या पिशवीतून परस्पर जाते. घरी बाळंतपणं होत होती तेव्हा वारेकडे नीट पाहिलं जाई. ती पूर्ण पडली की नाही, हे सुईण दिव्याच्या उजेडात उलटसुलट करून बघायची. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मग खोल खड्डा खणून वार पुरायची आणि कुत्र्यामांजरानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा. वीर-दासगावकडच्या म्हाताऱ्या बायकांनी मला हे सगळं अगदी सहज सांगितलं.

या लेखाचा विषय ही वार आहे, आणि तिच्यात दडून बसणारा हिवताप. महाड-पोलादपूर भागाचा सामाजिक इतिहास मी गेली काही वर्षं वाचतो आहे. त्यात दुष्काळ सापडतात, पूर सापडतात, सत्याग्रह सापडतात. गरोदर बाईचा ताप मात्र कुठं सापडत नाही. तो नव्हता म्हणून नव्हे. तो ज्या कागदांवर यायला हवा होता, त्या कागदांची आखणीच अशी होती की त्याला तिथं जागा नव्हती.

सावित्रीकाठचा ताप

वीर आज ओळखलं जातं ते कोकण रेल्वेच्या स्थानकामुळे. महाडला जायचं तर इथं उतरायचं. रेल्वे यायच्या कितीतरी आधी हा भाग मुंबईशी जोडला होता तो पाण्यानं. सावित्री महाबळेश्वराहून निघते, पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटजवळ समुद्राला मिळते. वीरजवळचं दासगाव हे तिच्या काठचं बंदर. मुंबईच्या गिरणीत जाणारा चाकरमानी आणि परत येणारी त्याची बायको यांच्या वाटेवर हे बंदर होतं.

या भूगोलातच हिवतापाची सोय होती. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळा सरला की ओढे आणि पऱ्हे बारीक होतात, कडेला स्वच्छ, संथ पाणी उरतं, त्यात गवत असतं. ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस या डासाला नेमकं असंच पाणी लागतं. भातखाचरांत आणि डबक्यांत ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस वाढतो. घाटाच्या पायथ्याशी आश्विनापासून पौषापर्यंत थंडीताप येई तो या डासांमुळे. लोकांनी त्याचे प्रकार त्याच्या पाळीवरून ओळखले होते: एक दिवसाआड येणारा एकांतरा, चौथ्या दिवशी येणारा चौथरा. पोटात डाव्या बाजूला लागणाऱ्या गाठीला पानथरी वाढली म्हणत. तिथं डाग देत. एकोणिसाव्या शतकात सरकारी डॉक्टरही मुलांची पोटं चाचपून, किती जणांची पानथरी वाढली आहे यावरूनच गावचा हिवताप मोजू लागले.

त्या काळी या जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाब्यावरचा खंड १८८३ साली निघाला. इलाख्याचे आरोग्य आयुक्तही दर वर्षी अहवाल काढत. त्यांतले मृत्यूचे तक्ते पाहिले की त्या काळच्या नोंदीची पद्धत समजते. पटकी, देवी, ताप, अतिसार-आमांश, अपघात, आणि शेवटी इतर कारणं. जिल्हा कुठलाही असो, सगळ्यांत मोठा आकडा तापाचा. गावात मेलेल्या माणसाचं कारण ठरवायचा पोलीस पाटील. त्याला अंग तापलेलं कळायचं, म्हणून जे काही तापून गेलं ते तापाच्या रकान्यात जायचं.

आता एखाद्या गावातली पहिलटकरीण घ्या. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला थंडी वाजून ताप आला आणि ती गेली, तर तिची नोंद तापात. ती बाळंत होताना फार रक्त न जाताही पांढरीफटक पडून गेली, तर इतर कारणांत. ती वाचली आणि मूठभर वजनाचं मूल दहाव्या दिवशी गेलं, तर एक वर्षाच्या आतल्या बालमृत्यूंच्या तक्त्यात. घरच्यांच्या लेखी ते सटवाईनं नेलेलं. तीन मृत्यू, तीन रकाने. या तिन्हींच्या मागं एकच रोग असू शकतो, हे पाटलाला कळणं शक्य नव्हतं. ते आयुक्तालाही कळलं नसतं. त्यासाठी ज्या अवयवात पाहायला हवं, तो अवयव मातीत गेलेला होता.

वारेत काय घडतं

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. पुढं काही वर्षांत डास, परजीवी आणि माणूस ही साखळी पक्की झाली. परजीवी माणसाच्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथं वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. गरोदरपणात याहून वेगळं काहीतरी घडतं, हे कळायला मात्र बराच वेळ लागला. ते यंत्र नेमकं कसं चालतं हे तर अगदी अलीकडे, १९९६ नंतर उलगडलं.

वार म्हणजे आईच्या रक्तानं भरलेलं एक तळं आणि त्यात मुळ्या सोडून उभं असलेलं बाळाचं झाड, असं समजा. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मुळ्यांच्या पातळ सालीतून अन्न आणि प्राणवायू आत जातो, घाण बाहेर येते. दिवस भरत आले की या तळ्यातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त फिरतं. तळ्यात रक्ताचा वेग मंद असतो.

हिवतापाच्या परजीवींपैकी घातक जात फाल्सिपेरम. तिचा परजीवी ज्या पेशीत वाढतो त्या पेशीच्या अंगावर चिकट उंचवटे येतात. एरवी अशा पेशी शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. त्यामुळे त्या पानथरीत जात नाहीत आणि गाळल्या जाण्यापासून वाचतात. मिशल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी पश्चिम केनियात गोळा केलेल्या वारा तपासून १९९६ साली दाखवलं की वारेतले परजीवी निराळे असतात. ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए या पदार्थाला चिकटतात. हा पदार्थ त्या मुळ्यांच्या सालीवर असतो. पुढं २००३ साली कोपनहेगनच्या अली सालांती आणि सहकाऱ्यांनी हे चिकटणं घडवून आणणारं प्रथिन शोधलं. त्याचं नाव व्हार-टू-सीएसए. ज्या जनुककुळातलं ते आहे त्याला व्हार म्हणतात. आपल्या वारेशी या नावाचं साम्य हा निव्वळ योगायोग, पण विसरता येत नाही असा.

एक गोष्ट यातून एकदम स्पष्ट झाली. बाईनं लहानपणापासून हिवताप सोसला असेल तर तिच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. पण व्हार-टू-सीएसए अंगावर वागवणारा परजीवी तिला कधीच भेटलेला नसतो, कारण त्याला चिकटायला जागाच नव्हती. ती पहिल्यांदा गरोदर राहते आणि ती जागा तयार होते. म्हणून पहिलटकरणीला हिवताप जास्त बाधतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या परजीवीविरुद्धही प्रतिकार तयार होतो आणि धोका कमी होत जातो.

वारेत अडकलेल्या परजीवींमागं पांढऱ्या पेशी येतात, सूज येते, परजीवींनी टाकलेला काळपट रंगद्रव्याचा गाळ साचतो. मुळ्यांची साल जाड होते, बाळाला मिळणारा पुरवठा कमी पडतो. मूल कमी वजनाचं होतं किंवा दिवस भरण्याआधी येतं. इकडे आईच्या तांबड्या पेशी फुटत राहतात आणि तिला पंडुरोग होतो. तिच्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात मात्र कदाचित एकही परजीवी दिसत नाही. तिला ताप असेलच असंही नाही. ती भात झोडते, पाणी भरते, थोडं दमल्यासारखं होतं म्हणते. आजार सगळा वारेत असतो.

वाइव्हॅक्स ही दुसरी जात, आपल्याकडेही आढळणारी. ती वारेत अशी ठाण मांडून बसत नाही. तरीही तिच्यामुळे आईला पंडुरोग होतो आणि बाळाचं वजन घटतं. ती यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहते आणि परत परत उठते.

पनामा, फ्रीटाउन, कोलंबो

वारेतला हा लपंडाव पहिल्यांदा लक्षात आला तो जिथं माणसांनी मोठ्या प्रमाणावर जमीन खणली होती तिथं. पनामा कालव्याच्या प्रदेशातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या हर्बर्ट क्लार्क यांनी १९१५ साली एक निबंध लिहिला. बाळंत झालेल्या बाईच्या बोटातलं रक्त आणि तिच्या वारेतलं रक्त त्यांनी काचेवर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. बोटात परजीवी शोधून सापडावा, तर वारेत त्यांची गर्दी. क्लार्क यांनी याकडे रोग ओळखण्याचं साधन म्हणून पाहिलं: बाई बरी दिसत असली तरी वार खोटं बोलत नाही.

दहा वर्षांनी, १९२५ साली, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला ब्लॅकलॉक आणि गॉर्डन यांनी पुढचा प्रश्न विचारला. वारेत परजीवी असले तर बाळाचं काय होतं? ज्या वारांत परजीवी होते त्यांच्या बाळांत मृत्यू अधिक दिसले. तेव्हापासून ही केवळ आईची व्यथा राहिली नाही.

आपल्या शेजारी याचं सर्वांत भयंकर रूप दिसलं ते सिलोनमध्ये. १९३४-३५ साली तिथं हिवतापाची साथ आली आणि सुमारे ऐंशी हजार माणसं गेली. कोलंबोच्या प्रसूतितज्ज्ञ जी. ए. डब्ल्यू. विक्रमसूर्य यांनी साथीत सापडलेल्या गरोदर स्त्रियांवर १९३५ साली लिहिलं. तिथं चित्र पनामापेक्षा वेगळं होतं. साथ ज्या भागात जोरात होती तिथल्या लोकांना हिवतापाची सवय नव्हती. त्यामुळे बायका नुसत्या दमल्या नाहीत. त्यांना जबर ताप आला, गर्भपात झाले, मेंदूवर ताप गेला, त्या दगावल्या, आणि यात पहिलटकरीण आणि चार मुलांची आई असा फारसा फरक राहिला नाही.

मी महाड-पोलादपूरकडे पाहतो तेव्हा ही दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवतो. घाटाच्या पोटातल्या वाड्यांत ताप दर वर्षीचा होता, तिथल्या बायका पनामाच्या वाटेनं गेल्या असतील. गाव सोडून मुंबईत वाढलेली आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी सिलोनच्या वाटेवर असेल. हा माझा तर्क आहे, पण रोगाचा स्वभाव पाहता तो सोडवत नाही.

परळ, १९२८

आपल्याकडे गरोदर बाईच्या रक्ताकडे गांभीर्यानं पाहिलं गेलं ते मुंबईत, आणि त्यात कोकणातल्या बायकांचा वाटा मोठा होता. गिरणगावात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले लोक भरलेले होते. साचेखात्यात पुरुष, वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका.

१९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षाअखेर दुसऱ्या परिषदेसाठी ते मुंबईहून आगबोटीनं निघाले आणि दासगाव बंदरावर उतरले. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. त्यानंतर काही महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात ते कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेविषयी बोलले, हे कमी आठवलं जातं. आर. एस. आसवले यांनी मांडलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुंबईचा प्रसूती लाभ कायदा १९२९ साली झाला. भारतातला हा या प्रकारचा पहिला कायदा.

१९२८ च्याच अखेरीला ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिला बोलावण्यामागं डॉ. मार्गारेट बॅलफर होत्या. हिंदुस्थानात बायका बाळंतपणात का मरतात, याचा शोध त्या घेत होत्या. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होई. तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या. लोह देऊन तो बरा होत नसे. विल्स यांनी बायकांचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त अर्कानं या बायका बऱ्या होतात हे दाखवलं. तो निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. मार्माइटमधला तो अज्ञात घटक म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फॉलिक आम्ल. आज प्रत्येक गरोदर बाईला आशाताई ज्या लाल गोळ्या देते त्यांत लोहाबरोबर हेच असतं. त्या गोळीची एक मुळी परळमध्ये आहे.

विल्स यांच्या रोग्यांचा पंडुरोग हिवतापाचा होता असं मी म्हणत नाही. तो मुख्यतः ताटातल्या अपुऱ्या अन्नाचा होता. पण दोहोंचा संबंध जवळचा आहे. हिवतापात तांबड्या पेशी फुटल्या की नव्या घडवायला फॉलिक आम्ल जास्त लागतं. ज्या बाईच्या ताटात ते आधीच कमी, तिला एक पावसाळी ताप पुरतो. उपासमार आणि हिवताप असे दोन सावकार एकाच घरी वसुलीला यावेत तसं हे आहे.

१९३७-३८ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची पाहणी केली. तिचा अहवाल १९४१ साली निघाला. झिराड बेने इस्रायली होत्या. त्या समाजाची आडनावं कुलाब्यातल्या गावांवरून आलेली. त्यांच्या आडनावात अलिबागजवळचं झिराड आहे. अशा पाहणीत एकेका मृत्यूमागं जाऊन तो का झाला हे विचारलं जातं. पाटलाच्या रकान्यांना पहिला खरा छेद गेला तो या पद्धतीनं. मात्र तो शहराच्या हद्दीत. दासगावच्या पलीकडे बाईच्या मृत्यूला तसं कोणी विचारत नव्हतं.

कोयनेल द्यायचं की नाही

औषध नव्हतं असं नाही. कोयनेल होतं. टपाल कचेरीत पैशाला पुडी मिळण्याची योजना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंगालमध्ये सुरू झाली आणि मग इतर इलाख्यांत पसरली. कडू जहर ती पूड पुरुष घेत, मुलांना चाटवत. गरोदर बाईला द्यायला मात्र घरचे बिचकत. कोयनेलनं पोट पडतं, असा समज होता.

हा समज नुसता अडाणीपणाचा नव्हता. कोयनेल गर्भाशय आकुंचित करतं, असं त्या काळचे डॉक्टरही मानत आणि प्रसूती सुरू करायला ते वापरतही. त्यांच्यातच वाद होता. पोट पडलं ते कोयनेलमुळे की ज्यासाठी ते दिलं त्या तापामुळे? आज आपल्याला ठाऊक आहे की उपचार न केलेला हिवताप हा गर्भपाताचं फार मोठं कारण आहे आणि नेहमीच्या मात्रेतलं कोयनेल त्यामानानं सुरक्षित. पण त्या काळच्या सासूला काय दिसत असेल याचा विचार करा. सुनेला ताप आला, पुडी दिली, आणि दोन दिवसांत पोट पडलं. दोष पुडीचा. शेजारणीनं पुडी दिली नाही आणि तिचंही पोट पडलं, तर दोष नशिबाचा. औषधाचा परिणाम दिसतो. औषध न दिल्याचा दिसत नाही.

या कात्रीतून गरोदर बाई अजून पूर्ण सुटलेली नाही. वाइव्हॅक्सचे यकृतात झोपलेले परजीवी मारणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही, कारण पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशींना त्यापासून धोका असू शकतो. म्हणजे तिचा ताप उतरवता येतो, पण मूळ काढायला बाळंतपण होईपर्यंत थांबावं लागतं.

लग्नसराई आणि तापाचा मोसम

जुन्या कागदांत गरोदर बाईचा ताप सापडत नाही म्हटल्यावर मी पंचांगाकडे वळलो. कोकणात शेतकऱ्याघरची लग्नं बहुधा चैत्र ते ज्येष्ठ. पेरणीआधी ती उरकायची. वयात आलेली मुलगी वैशाखात सासरी गेली आणि आषाढाच्या आसपास दिवस राहिले, तर आश्विन-कार्तिकात तिला चौथा-पाचवा महिना लागतो. आता हिवतापाचा मोसम त्याच्या शेजारी ठेवा. तोही नेमका तेव्हाच. जगभरच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की गरोदर स्त्रियांच्या रक्तात परजीवी सर्वांत जास्त सापडतात ते तेराव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान. पहिलं गरोदरपण, चौथा महिना आणि पऱ्ह्यातला डास हे तिन्ही भातकापणीच्या दिवसांत एकत्र येत होते.

त्यात ती कामाला कुठं असायची? खाचरात, संध्याकाळपर्यंत. मग ओढ्यावर पाण्याला. प्रत्येक मुलीचं असंच झालं असं नव्हे. लग्न आणि गरोदरपण यांत कधी वर्षांचं अंतर असे. पण गावाचं जगणं आणि रोगाचं जगणं एकाच वेळापत्रकावर चालत होतं, एवढं या मांडणीतून नक्की दिसतं. या दिवसांत पोट पडलं तर ते नजर लागल्यानं, आसरांनी धरल्यानं पडलं असं म्हणत. आसरा या पाण्यातल्या देवता. पाण्याजवळ गरोदर बाईनं तिन्हीसांजेला जाऊ नये, हा दंडक मला आता निराळ्या कानानं ऐकू येतो. तो डासांसाठी घातलेला होता असं म्हणणं बळंच होईल. पण जी ही मर्यादा पाळू शकत होती ती थोडीफार वाचली असेल, आणि जिच्या घरी पाणी भरायला दुसरं कोणी नव्हतं तिला ती पाळता येत नव्हती.

फवारा आणि त्यानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यात कारवार आणि धारवाड भागात घराघरांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. फ्लुव्हिॲटिलिस डासाचा सह्याद्रीतला कारभार त्यांना चांगला ठाऊक होता. तिथल्या यशावर देशाचा कार्यक्रम उभा राहिला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम, १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम. त्याआधी देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रोगी लाखभरावर आले. नंतर ढिलाई आली, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला.

भिंतीवर पांढरे पट्टे ओढून फवारणी करणाऱ्या माणसांनी किती वारा वाचवल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेवण्याची पद्धतही नव्हती. पण ज्या पिढीच्या आजीला पाचांतली दोन जगली आणि नातीला तिन्ही जगली, त्या फरकात देवीच्या लशीबरोबर, विहिरीबरोबर, रस्त्याबरोबर या फवाऱ्याचाही वाटा आहे.

पुढं या भागात पुन्हा खणणं आलं. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सगळ्यांत आधी तयार झालेल्या टप्प्यांपैकी एक. १९९८ साली पूर्ण मार्ग खुला झाला, २०२१ साली रोहा-वीर दरम्यान दुसरी लाइन आली. महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, महाडची औद्योगिक वसाहत आहे. जिथं भराव घालायला माती काढतात तिथं खड्डे राहतात, जिथं खड्डे तिथं पाणी, आणि जिथं काम तिथं दुरून आलेले मजूर. हिवतापाच्या शास्त्रात अशा तापाला प्रकल्पांचा हिवताप असं वेगळं नाव आहे. मुंबईला हे जुनं आहे. गोद्या खणल्या तेव्हा ताप वाढला. १९११ च्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या विहिरींना दोषी धरलं, तेव्हा धर्माच्या नावानं केवढा गदारोळ उठला. क्लार्क यांचा पनामाही मुळात हाच होता.

आज महाराष्ट्रातला हिवताप मुख्यतः गडचिरोलीत आणि मुंबईसारख्या शहरांत आहे. रायगडच्या घाटपायथ्याला तो पूर्वीसारखा नाही, ही आनंदाची गोष्ट. देशानं २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलं आहे. श्रीलंका २०१६ सालीच हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाली, तेच सिलोन. आफ्रिकेत मात्र २०२२ या एका वर्षात सव्वा कोटीच्या आसपास गर्भवतींना हिवताप झाला असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिथं ताप असो वा नसो, गरोदर बायकांना ठरावीक काळानं औषध देतात. आपल्याकडे तसं देत नाहीत. आपल्याकडे रोग विरळ आहे, म्हणून धोरण असं की ताप आला तर रक्त तपासायचं आणि मच्छरदाण्या वाटायच्या. झारखंडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंत झालेल्या शंभरांतल्या दोघींच्या आसपास बायकांच्या वारेत परजीवी सापडले. बोटाच्या रक्तात सापडले त्याहून ते थोडे जास्त होते.

शंभरांत दोन हा आकडा लहान आहे. पण त्या दोघी कोण असतात? आमच्याकडची कातकरी मुलगी घ्या. दिवाळी झाली की तिचं बिऱ्हाड वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. तिचं गरोदरपण एका तालुक्यात नोंदलं जातं, ताप दुसऱ्या तालुक्यात येतो, बाळंतपण तिसऱ्या ठिकाणी होतं. जुने तीन रकाने एका तक्त्यात तरी होते. तिचे तीन वेगवेगळ्या गावांच्या वह्यांत आहेत. ताप आला तर रक्त तपासायचं हे धोरण तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण तिला ताप असेलच असं नाही, आणि तपासणारी ताई तिला ओळखतच नाही.

म्हणून इतिहास वाचणाऱ्याला एक मागणी करावीशी वाटते. कमी वजनाचं मूल जन्मलं, आई फिकट असली, आणि ती कामासाठी बाहेरगावाहून परतलेली असली, तर पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी तिच्या वारेतला एक थेंब काचेवर घ्यावा. क्लार्क यांनी १९१५ साली जे केलं त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक आणि तो पाहणारा माणूस ग्रामीण रुग्णालयात असतोच. नोंदवहीत त्यासाठी एक रकाना आखावा, आणि तो आई, मूल आणि ताप या तिघांच्या नोंदीच्या मधोमध असावा.

पुरलेल्या वारा आता उकरता येणार नाहीत. सावित्रीच्या दोन्ही काठांना, घरामागच्या मातीत, कितीतरी पहिलटकरणींचा पुरावा विरून गेला आहे. त्यांच्याविषयी जे म्हणता येईल ते मी वर म्हटलं आहे, ते अंदाजानं. पुढच्या अभ्यासकाला अंदाज करावा लागू नये, एवढं आपल्या हातात आहे.